सात नंबरच्या टाकीवर पडलेली वीज

१

मीटरमधलं जळकं सर्किट कार्ड टेबलावर आपटून नानासाहेब म्हणाले, "वीज पडली."

भागूबाईनं मान वर केली नाही. परतीच्या पावसाचे दिवस आले की औरंगपुऱ्यातल्या तिच्या दुकानात हे एकच वाक्य दिवसातून चारदा यायचं. वाळूजहून, चिकलठाण्याहून, पार जालना रोडपासून जळकी मीटरं गोणीत भरून यायची आणि आणणारा प्रत्येक जण आभाळाकडं बोट दाखवायचा. 'अर्थिंगच्या खड्ड्यात शेवटचं पाणी कधी टाकलं होतं?' असं विचारलं की तोच माणूस स्वतःच्या चपलेकडं बघायला लागायचा. आठ वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसून आणि तो गेल्यावर बारा वर्षं एकटीनं तिनं ही कार्डं दुरुस्त केली होती. भिंतीवर तिची पदवी नव्हती. पण तिचा शिक्का असला की कारखानेवाले गप्प बसायचे. आणि सुधारायचं मात्र कुणीच नाही, याचाच तिला वैताग होता.

नानासाहेब वाळूजच्या पुढच्या एका साबणाच्या कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"परवा, बुधवारी, चार चाळीसला कंपाउंडबाहेरच्या खांबावर वीज पडली," ते म्हणाले. "सात नंबरच्या टाकीचं लेव्हल मीटर जळालं. काटा साठ टक्क्यांवर अडकला. टाकी भरत राहिली, काटा साठच दाखवत राहिला. पाच दहाला कॉस्टिक सोडा वरून ओसंडला. खाली ऑपरेटर होता."

"कोण?"

"मुंजाबा म्हणून आहे. घाटी दवाखान्यात आहे. डावा हात गेल्यात जमा."

भागूबाईच्या हातातलं सोल्डरिंग तसंच थांबलं. "त्या मीटरला सर्ज प्रोटेक्टर हाय. माझ्याच दुकानातून नेला तुम्ही."

"आहे ना! पण त्याची जमिनीकडची हिरवी तार काढलेली होती. टेक्निशियनचा निष्काळजीपणा, दुसरं काय."

तारेतून आलेला विजेचा लोट मीटरपर्यंत जाऊ न देता जमिनीत उतरवायचा, एवढंच त्या डबीचं काम. हिरवी तारच काढली तर डबी म्हणजे भिंतीवरची शोभा. तेवढं खरं होतं.

"रिपोर्ट टाइप करून आणलाय," नानासाहेबांनी कागद पुढं सरकवला. "सही-शिक्का द्या. संध्याकाळी पाचला पोलिसात तक्रार जाईल."

"जागा बघितल्याबिगर मी शिक्का मारत नाय."

"बाई, वीज आहे ती. तिला काय बघायचं?"

"मग पोलिसाला तरी कशाला बोलावता? आभाळावर केस करा."

नानासाहेबांनी घड्याळ पाहिलं, ओठ दाबले. "या मग दुपारी. पुंजाराम दाखवील. पण पाचच्या आत."

ते गेल्यावर तिनं कागद वाचला. पाच पंचेचाळीसला आपण वर गेलो, तार सुटलेली पाहिली आणि जिन्याला कुलूप लावलं, असं नानासाहेबांनी त्यात म्हटलं होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: सदर अपघातास टेक्निशियन कडूबा सांडू हाच सर्वस्वी जबाबदार आहे.

कडूबा तिच्या सख्ख्या बहिणीचा पोरगा. आणि या घडीला तो दुकानाच्या मागच्या खोलीत, पडद्याआड, तोंडात बोळा कोंबल्यासारखा बसला होता.

२

"ऐकलंस?" तिनं पडदा ओढला.

कडूबा पंचविशीचा, अंगानं काटकुळा. दोन दिवस दाढी नाही. "मावशी, मी तार काढली नाय. आईची शपथ."

"आईला मधी आणू नको. बुधवारी कुठं होतास?"

"फर्दापूरला. रजा टाकून. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, तिला अजिंठ्याच्या डॉक्टरला दाखवलं. गुरुवारी कामावर गेलो तर गेटवरच नानासाहेब म्हणले, घरी जा, पोलीस येतील."

"तार शेवटची कधी बघितली?"

"खंडे नवमीला. रविवारी." कडूबाला आता जरा हुरूप आला. "सगळ्या मीटरांची पूजा केली ना आम्ही. सातच्या टाकीपाशी भिंतीवर तांब्याची पट्टी हाय अर्थिंगची. काळी पडली होती. मी तार सोडली, पट्टी चिंचेनं घासली, देवाच्या तांब्यासारखी लखलखीत केली. मग ओली हळद फासली पट्टीवर, वर तार बसवली आन नट आवळला. झेंडूचं फूल ठिवलं."

भागूबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "हळद फासून वर तार बसवलीस?"

"व्हय."

"गाढवा! अर्थिंगच्या नटाखाली हळद? तांब्यानं तांब्याला चिकटायला पायजे तिथं तू देवाला नैवेद्य दाखवतोस? मी शिकवलं तुला हे?"

"पूजा होती मावशी... सगळेच लावतात."

"सगळेच लावतात!" तिनं कपाळावर हात मारला. वर्षभर मीटराकडं कुणी ढुंकून बघत नाही, आणि एक दिवस त्याला नवरदेव करतात. "जाऊ दे. आवळला होतास ना घट्ट?"

"तेरा नंबरच्या पान्यानं. अंगातला सगळा जोर लावून."

तिनं जळकं कार्ड दिव्याखाली धरलं. डोळ्याला भिंग लावलं. मागं जोडलेल्या तारेचा वीतभर तुकडा अजून लटकत होता. तिनं त्याच्यावरचं प्लास्टिक नखानं सोललं आणि नाकाशी धरलं. मग तुकडा परत दिव्याखाली फिरवून बघितला.

"काय झालं?" कडूबानं विचारलं.

"वीज डोळ्याची पापणी लवायच्या आत येती आन जाती. चिपला टाचणीएवढं भोक पाडती. तारेवरचं प्लास्टिक तापायला तिला येळच नसतो. हे बघ. भोक कुठंच नाय. तार मात्र आतून बाहेरून वांग्यागत भाजलीय, टोकापासून टोकापर्यंत. हे मिनटा-मिनटानं भाजलंय."

"म्हंजी?"

"म्हंजी तुझ्या नानासाहेबाची वीज खोटी."

३

कारखान्याच्या गेटावर पुंजाराम उभा होता. इलेक्ट्रिकलचा फोरमन, पन्नाशीचा, मिशा रंगवलेल्या. कडूबाशी त्याचं तीन वर्षांपासून वाजलेलं होतं. मीटरांचं अर्थिंग वेगळं असावं की कारखान्याच्या अर्थिंगला जोडावं, यावरून दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या उद्धारल्या होत्या.

"या बाई," तो म्हणाला. "तुमच्या विद्वान टेक्निशियनचा पराक्रम बघायला आलात?"

"तुम्हाला आनंद झालेला दिसतोय."

"आनंद नाय. पण मी म्हणलो होतो. पोरगं ऐकत नाय, मोठ्याला मोठं म्हणत नाय." त्याच्या खिशातून पान्याचं टोक डोकावत होतं. भागूबाईनं आकडा वाचला. तेरा.

सात नंबरची टाकी पत्र्याच्या छपराखाली होती. खाली फरशीवर कॉस्टिकचे पांढरे ओघळ वाळून खपल्या झालेले. जिना चढून वर गेलं की अरुंद फळी, कडेला लोखंडी कठडा, आणि भिंतीवर प्रोटेक्टरची पेटी. पेटीखाली ती तांब्याची पट्टी. हिरवी तार मोकळी लोंबत होती.

"इथं पाणी मारलं का तुम्ही?"

"खाली फरशीला मारलं, गुरुवारी सकाळी. वर पाण्याचा थेंब नाय. मीच उभा होतो. बुधवारी संध्याकाळी भोंगा झाला, सगळी माणसं गेटावर नेऊन मोजली. मी आन फकिरा वेल्डर मुंजाबाला जीपमधी घालून घाटीत नेलं. सव्वापाच झाले असतील. परत आलो तवा जिन्याला कुलूप होतं. किल्ली नानासाहेबांकडं."

तिनं हिरवी तार हातात घेतली. तिचं हिरवं प्लास्टिक तपकिरी, खरपूस झालं होतं. मग ती पट्टीजवळ वाकली. पट्टीवर कॉस्टिकचे शिंतोडे उडून वाळले होते. कडूबाची हळद आता हळद राहिली नव्हती. लालभडक, सुकलेल्या रक्तासारखी झाली होती. फक्त बोल्टभोवती, तारेचं टोक बसायची तेवढी, रुपयाएवढी जागा पिवळीधमक होती. आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला दातांनी चावल्यासारख्या चार खुणा होत्या. तिथं तांबं वितळून चमकत होतं.

तिनं नुसतं बघितलं आणि कठड्याकडं वळली. सगळा कठडा नवा कोरा, पिवळ्या रंगात रंगवलेला. मधली एकच दांडी वेगळी. तिच्या सांध्याभोवती रंग करपलेला.

"हे वेल्डिंग कधीचं?"

पुंजारामनं नजर चुकवली. "गुरुवारी मुंबईचे ऑडिटवाले येणार होते. दांडी तुटकी होती."

"कधीचं?"

"मला काय ठाव? वेल्डिंग माझ्याकडं नसतं."

"रेकॉर्डरचा कागद कुठं हाय?"

कंट्रोल रूममध्ये कागदाचा रोल हळूहळू सरकायचा आणि त्यावर दोन पेनं रेषा काढायची: निळं पेन टाकीची पातळी, लाल पेन टाकीची उष्णता. बुधवारचा रोल फायलीत लावला होता. वर नानासाहेबांच्या अक्षरात लिहिलेलं: पुरावा. पातळी अडकल्याचा.

भागूबाईनं रोल टेबलावर उलगडला. निळी रेषा सकाळपासून बारीक थरथरत वर चढत होती. टाकीत ढवळायचं पातं फिरत राहतं, म्हणून. मग एका जागी ती थरथर थांबली. पट्टीनं आखावी तशी सरळ. साठावर.

"ही बघा, अडकली," पुंजाराम म्हणाला. "वीज पडली तवाच."

"वीज पडली तवा लाइट गेली होती का?"

"सात मिनटं. चार चाळीस ते सत्तेचाळीस. लॉगबुकात माझीच नोंद हाय. लाइट गेली की रेकॉर्डर थांबतो. लाल रेषेत खाच पडलीय, ही बघा."

"बघितली. आता निळी सरळ कुठं झाली ते बघा." तिनं एक बोट लाल खाचेवर आणि दुसरं त्या जागी ठेवलं. "आन या दोन बोटांमधले तास मोजा."

पुंजारामनं मोजले. मग पुन्हा मोजले. "दोन तास वीस मिनटं आधी," तो रंगवलेल्या मिशांत पुटपुटला.

४

फकिरा गेटाबाहेरच्या टपरीवर चहा घेत होता. ठेकेदाराचा माणूस; आज इथं, उद्या तिथं. भागूबाई बाकड्यावर त्याच्या शेजारी बसली तसा तो सरकला.

"वेल्डिंग झकास केलंयस," ती म्हणाली.

"कुठलं?"

"सातच्या टाकीवरचं. दोन वीसला चालू केलंस ना बुधवारी?"

"कोण म्हणतंय?"

"कागद म्हणतोय. मला शिव्या द्यायला लावू नको, फकिरा. वेल्डिंगचा अर्थिंगचा क्लॅम्प, तो दातांचा चिमटा, कुठं लावला होतास?"

फकिरानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "मावशी, मी गरीब माणूस. ठेकेदार मला उद्या काढून टाकील."

"मुंजाबा काय सावकार हाय का?"

टपरीवाल्यानं भजी काढली, तेल चरचरलं. मग फकिरा खाली बघत बोलला, "कठड्याला लावला तर ठिणगीच पडंना. ऑडिटसाठी लई जाड रंग मारला होता. घासायला टाइम नव्हता, साहेब डोक्यावर उभे. मग समोर ती तांब्याची पट्टी दिसली. लखलखीत. सगळ्या कारखान्यात तेवढंच एक उघडं, घासलेलं धातूचं तोंड होतं. लावला क्लॅम्प. पटकन झालं काम."

भागूबाईनं डोळे मिटले. वेल्डिंगचा सगळा करंट कठड्यातून टाकीत, टाकीतून मीटरात, मीटरातून हिरव्या तारेत आणि तिथून पट्टीवर. भाच्यानं चिंचेनं घासलेल्या पट्टीवर.

"तारेतून धूर निघाला का?"

"निघाला. मी साहेबाला म्हणलो. ते म्हणले, निघू दे, दोन टाके राहिलेत."

"वेल्डिंगचं परमिट?"

"परमिट घ्यायचं तर कडूबा लागतो. तो मीटर सोडवतो, मग परमिटावर सही करतो. तो रजेवर."

"साहेब म्हंजी कोण? नाव घे."

फकिरानं रस्त्याकडं पाहिलं. "पुंजाराम फोरमन तिथं नव्हते, एवढं सांगतो. पुढचं मला विचारू नका."

५

घाटीच्या जळितांच्या वॉर्डात मुंजाबा डावा हात उशीवर पालथा ठेवून पडला होता. मूळचा मेंढरं राखणारा. दोन दुष्काळांत कळप विकून कारखान्यात लागलेला. बायको सुगंधाबाई पायथ्याशी बसून वारा घालत होती.

"आक्का, चूक माझीच," तो आधीच बोलला. "लाइट आली, काटा साठावर होता, म्हणून मी पंप परत चालू केला. काट्यावर इस्वास ठिवला."

"दोन दिस हेच चाललंय," सुगंधाबाई कातावून म्हणाली. "चूक माझी, चूक माझी. मोठे साहेब आले, म्हणले देवाची करणी. कुणी म्हणतंय कडूबाची चूक. आरं, कुणी माझ्या माणसाला इचारलं का, त्यानं काय बघितलं?"

"मी इचारते. मुंजाबा, काटा हलत नाय हे तुला कधी कळलं?"

"तीनच्या चहाला. मेंढरू उभ्या उभ्या मेलं तर लांबूनच कळतं आक्का. काटा तसा दिसत होता. मी मेंटेनन्सला फोन केला."

भागूबाई पुढं वाकली. "तीनला? विजेच्या आधी?"

"व्हय. नानासाहेबांनीच उचलला. म्हणले, चालू दे, पंप बंद केलास तर बॅच बिघडंल. कडूबा उद्या बघील."

सुगंधाबाईचा पंखा थांबला. "हे तुम्ही मला का नाय सांगितलं?"

"त्यांनी शपथ घातली. म्हणले, फोनचं बोललास तर नोकरी जाईल. एका हातानं दुसरी कुठं मिळायची?"

वॉर्डाच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. भागूबाई उठली. फोन केला हे मुंजाबा म्हणतो, नाही केला असं नानासाहेब म्हणतील. वेल्डिंगनं मीटर मेलं हे दाखवता येईल. पण ती हिरवी तार? ते म्हणतील, तार कडूबानं आधीच सैल ठेवली होती. तार कुणी काढली आणि केव्हा, हे सिद्ध झाल्याशिवाय पोरगं सुटत नव्हतं.

रिक्षात बसल्यावर तिनं पदर सारखा केला. पदरावर सकाळच्या वरणाचा डाग होता. घाईत साबण लावून धुतलेला. डाग लाल झाला होता.

"अगं बया," ती मोठ्यानं म्हणाली. रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं.

६

साडेचारला ती कारखान्याचे मालक तात्यासाहेब यांच्या केबिनमध्ये होती. कडूबाला तिनं दुकानातून उचलून आणलं होतं. तो दाराशी उभा. नानासाहेब खुर्चीत. पुंजारामला तिनंच बोलावून घेतलं होतं.

"सही झाली?" नानासाहेबांनी विचारलं.

"झाली नाय. आधी ऐका." ती उभीच राहिली. "एक. मीटर दोन वीसला मेलं. वीज चार चाळीसला पडली. तुमच्याच कागदावर दोन्ही लिहिलेलं हाय, नानासाहेब. 'पुरावा' म्हणून फायलीत लावलात, वाचला मात्र नाय."

तात्यासाहेबांनी रोल ओढून घेतला.

"दोन. ते विजेनं नाय, वेल्डिंगनं मेलं. क्लॅम्पचे दात पट्टीवर उमटलेत. परमिट नव्हतं. आन हिरवी तार वेल्डिंगच्या करंटनं भाजलीय. सुटलेली तार भाजत नाय. म्हंजी दोन वीसला ती जोडलेली होती."

"त्यानंतर ढिली होऊन सुटली असेल," नानासाहेब म्हणाले. "बरोबर आवळली नव्हती या पोरानं."

"तिथंच येते. तीन." तिनं सगळ्यांकडं पाहिलं. "तात्यासाहेब, हळदीला साबण लागला तर काय होतं?"

"लाल होते. घरी बायका ओरडतात."

"साबणात जे असतं तेच तुमच्या टाकीत हाय, शंभर पट जहाल. खंडे नवमीला कडूबानं पट्टीवर हळद फासली आन वरून तार आवळली. चूक केली, त्याचं त्याला मी वेगळं बोलले. बुधवारी कॉस्टिक उडालं, पट्टीवरची सगळी हळद लाल झाली. तार आधीच सुटली असती तर नटाखालचीही लाल झाली असती. पण तारेचं टोक बसतं तेवढीच जागा पिवळी हाय. अजून हाय, जाऊन बघा. पाच दहाला, कॉस्टिक ओसंडलं तवा, तार जागेवर होती. ती नंतर काढली."

केबिनमध्ये वरचा पंखा कुरकुरत होता.

"कुणी?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"नानासाहेबांच्या रिपोर्टात लिहिलंय, पाच पंचेचाळीसला त्यांनी तार सुटलेली पाहिली. म्हंजी पाच दहा आन पाच पंचेचाळीस यांच्या मधी ती सुटली. माझा पहिला संशय पुंजारामवर होता. भांडण त्याचं, पानाही त्याच्या खिशात. पण तो आन वेल्डर तवा घाटीच्या वाटेवर जीपमधी होते. बाकी माणसं गेटावर मोजली जात होती. कडूबा फर्दापूरला. कॉस्टिकमधून गमबूट घालून वर गेलेला माणूस एकच. तोच सांगतोय की मी वर गेलो होतो, मग जिन्याला कुलूप लावून किल्ली खिशात घातली."

नानासाहेबांचा चेहरा इस्त्री मोडल्यासारखा झाला. "ही बाई त्याची मावशी आहे! माहीत आहे तुम्हाला?"

"व्हय, हाय," भागूबाई म्हणाली. "म्हणून नटाखालची हळदही रिपोर्टात लिहिणार हाय. त्याची चूक त्याच्या नावावर, तुमची तुमच्या."

तात्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सगळं समजलेल्या माणसाचा थकवा त्यांच्या तोंडावर होता, आणि पुढच्याच क्षणी तो पुसलाही गेला.

"बाई, तुम्ही हुशार आहात. आता व्यवहाराचं ऐका. कुणाचंच नाव नको. वीज पडली, एवढंच लिहा. तुमचा भाचा सुटला, कामावर परत. माझा कारखाना चालू. सगळ्यांचं भलं."

"मुंजाबाचं?"

"वीज पडली तर कोण काय करणार?"

दाराशी कडूबा हलला. "मावशी," तो अगदी हळू म्हणाला, "लिही ना."

त्या दोन शब्दांनी तिला जो संताप आला, तो सकाळपासून नानासाहेबांमुळंही आला नव्हता. आणि लगेच तिला कळलं की पोरगं घाबरलंय, आणि तिचाही हात लिहायला शिवशिवतोय. एक ओळ. घरी जाऊन बहिणीला सांगता येईल, सुटला. वीस वर्षं ती लोकांना हेच सांगत आली होती की वीज निर्दोष असते, तुमचं अर्थिंग गुन्हेगार असतं. आणि आज तिच्याच घरचं माणूस विजेच्या मागं लपायला बघत होतं.

"नाय लिहिणार," ती म्हणाली. "आज वीज लिहिली तर पुढच्या दसऱ्याला दुसरा मुंजाबा. त्याच्या जागी उद्या तू असशील, टाकीखाली."

"हळदीच्या डागावर कोण विश्वास ठेवील?" तात्यासाहेबांचा आवाज गार झाला. "वेल्डर बोलणार नाही. ऑपरेटरला नोकरी हवीय. तुमच्या कागदाला साक्षीदार कोण?"

"मी," पुंजाराम म्हणाला.

सगळे वळले. पुंजारामनं खिशातून पेन काढलं होतं. 

"तुम्ही याच्याशी भांडता ना?" तात्यासाहेब म्हणाले.

"भांडतो. पोरगं उद्धट हाय, त्याचं अर्थिंगही चुकीचं हाय, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण जीपमधी मुंजाबाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. घाटी येईस्तोवर तो माझीच माफी मागत होता." त्यानं कागद ओढून घेतला. "लाइट गेल्याची येळ माझ्या लॉगबुकात हाय. पट्टीही मी बघितली. कुठं करू सही?"

नानासाहेब उठून उभे राहिले, पुन्हा बसले. कुणीच त्यांच्याकडं बघत नव्हतं.

७

पोलीस ठाण्यात पंखा बंद होता आणि हवालदार कागदानं वारा घेत होता. भागूबाई, कडूबा आणि पुंजाराम बाकड्यावर पाऊण तास बसले, तेव्हा कुठं त्यानं हाक मारली.

"कारखान्याचा अपघात ना? वीज पडली. मगाशीच मालकांचा फोन आला होता." त्यानं रजिस्टर उघडलं. "या महिन्यात लई येतात अशा. लिहून टाकू?"

"नाय," भागूबाई म्हणाली.

"बाई, वीजच असती. लिहायला सोपं जातं. आरोपी शोधायचा तरास नाय."

"तरास घ्या."

हवालदारानं वैतागून मान हलवली, तिचा रिपोर्ट घेतला आणि ओळीवर बोट फिरवत वाचू लागला. वाचता वाचता त्याचं वारा घेणं थांबलं. शेवटी त्यानं पेनाचं टोपण काढलं.

"आरोपीचं नाव?"

दोन दिवस त्या रकान्यात कडूबाचं नाव बसणार होतं. भागूबाईनं तोंड उघडलं. पण कडूबा आधीच उठून टेबलाशी गेला होता. त्यानं नानासाहेबांचं नाव सांगितलं, आडनाव, हुद्दा, घरचा पत्ता. एकदाही अडखळला नाही. हवालदार लिहीत होता तोवर कडूबानं त्याच्या खांद्यावरून वाकून प्रत्येक अक्षर तपासलं.

"आन खाली माझं नाव लिहा," तो म्हणाला. "कडूबा सांडू, टेक्निशियन. साक्षीदार. उद्यापासून नोकरी नसंल, तर तसं लिहा. पण लिहा."